नऊ बाइटांचा चहा

आमच्या बेडरूममधली माझी खुर्ची आणि स्वयंपाकघरातला ओटा यांच्यात अकरा फुटांचं अंतर आहे. मी टेप लावून मोजलंय. मुलुंडला जागा घेताना माणूस इंच न् इंच मोजतो, ती सवय पुढे जात नाही. या अकरा फुटांत तीन अडथळे येतात: मिक्सर, कुकर आणि आईची मालिका. त्यामुळे "चहा टाकतेस का गं?" हा प्रश्न मी दर रविवारी सकाळी पाच वेळा, चढत्या सप्तकात विचारतो. पाचव्यांदा उत्तर येतं ते शेजारच्या ब्लॉकमधून, "आमच्याकडे झालाय, या!"

म्हणून मी मोबाइलवरून निरोप पाठवायला लागलो. "चहा?" असा निरोप सकाळी आठला पाठवला. दोन राखाडी खुणा आल्या. त्या निळ्या झाल्या दुपारी दीडला, आणि त्यावर हिचं उत्तर आलं, "आत्ता?"

आमची कन्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, तुझा 'चहा?' आधी कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत आपल्याच फ्रिजवर ठेवलेल्या फोनमध्ये येतो."

"अकरा फुटांसाठी?"

"अकरा फुटांसाठी."

मुलुंडहून ठाण्याला कोणी व्हाया पनवेल जात नाही. माझ्यातला करदाता जागा झाला. तिथल्या तिथे मी जाहीर केलं, "मी प्रोग्राम लिहिणार. कमांड लाइनवर चालणारा. काळा पडदा, पांढरी अक्षरं. इकडे मी टाइप करीन, तिकडे ओट्याजवळ उमटेल."

"आणि चहा?" हिने विचारलं.

"तो तू करायचास."

"मग बदल काय झाला?"

असल्या प्रश्नांना संशोधकांनी उत्तरं दिली असती तर जगात एकही शोध लागला नसता.

माझ्या आत्मविश्वासाला इतिहास होता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढच्या वर्षी एका मित्राकडे विद्यार्थ्यांसाठीचं 'शेल अकाउंट' आलं. चित्रं नाहीत, माउस नाही. पत्रांसाठी 'पाइन', पानं वाचायला 'लिंक्स', बाकी सगळा अंधार. मोडेम फोनच्या वायरीला जोडला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज यायचा आणि घरचा फोन एंगेज व्हायचा. दर दहा मिनिटांनी मित्राची आई दारात. "झालं का रे तुमचं? नागपूरच्या मावशीचा फोन यायचाय." एकाने वायर धरून बसायचं आणि बाकीच्या घराने तिष्ठायचं, या पद्धतीला 'सिंक्रोनस' म्हणतात हे कळायला मला पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लागली. पण काळ्या पडद्याशी जुनी ओळख होती. पुढे आयुष्य अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब खात्यात गेलं ही गोष्ट वेगळी.

"एका संध्याकाळचं काम आहे," मी म्हणालो.

"सर्व्हर मी लिहून देते," कन्या म्हणाली. "बारा-पंधरा ओळींचा होईल. जुन्या लॅपटॉपवर चालवू. तू क्लायंट लिही."

"यातला मोठा कोण?"

"मोठा-लहान नाही रे. सर्व्हर एका जागी बसून असतो. क्लायंट आपणहून जातो आणि मागतो."

"म्हणजे मी क्लायंट."

"जन्मजात," आतून आवाज आला. मिक्सर चालू असूनही.

पहिल्या शनिवारी मी पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा उघडली. टीसीपी नावाच्या रीतीत दोन संगणकांनी बोलण्याआधी तीनदा खात्री करून घ्यायची असते. "ऐकू येतंय का?" "येतंय, माझं येतंय का?" "येतंय!" सकाळच्या लोकलमध्ये नाहूर ते भांडुप आपण फोनवर एवढंच बोलतो आणि फोन कट होतो. संगणक मात्र त्यानंतर खरोखर काही तरी बोलतात, एवढाच फरक.

माझा संगणक बोलेना. पडद्यावर आलं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. साफ नकार. दीड तास मी माझ्या सात ओळींत चूक शोधली. कॉमा हलवले. चष्मा बदलला. शेवटी कन्या आली आणि तिने एकच प्रश्न विचारला, "सर्व्हर चालू केलास?"

बंद शटरसमोर उभं राहून दीड तास "अर्धा किलो साखर द्या हो" म्हणणाऱ्या माणसाला जो चेहरा असेल तो घेऊन मी फ्रिजकडे गेलो. जुना लॅपटॉप तिथे, पोळ्यांच्या डब्यावर, विराजमान होता. सर्व्हर चालू केला. घाईत चुकीचा केला म्हणून बंद केला, पुन्हा चालू केला. तर नवीन तक्रार: 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज'.

"वापरतंय कोण? आत्ता तर मी उठवला!"

"उठवलास, पण जागा लगेच सुटत नाही," कन्या म्हणाली. "मागचं एखादं पुडकं वाटेत राहिलं असेल, म्हणून सिस्टिम थोडा वेळ जागा अडवून ठेवते."

हे मात्र कोणी समजावून सांगायला नको होतं. खिडकीजवळच्या जागेवर रुमाल. माणूस दिसत नाही, पण रुमाल आहे, आणि रुमालाशी वाद घालण्याची या शहरात पद्धत नाही. मिनिटभर गप उभा राहिलो. जागा सुटली.

पुढची तक्रार तिला मोबाइलवर पाठवावी म्हणून मी पडद्यावरचा मजकूर निवडला आणि कॉपी करण्यासाठी कंट्रोल आणि सी दाबलं. काळ्या पडद्यावर त्याचा अर्थ 'कॉपी' नाही, 'मर' असा आहे. प्रोग्राम मेला. मी तो पुन्हा उठवला, तक्रार पुन्हा आली, मी पुन्हा कॉपी केली. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी तक्रार कागदावर लिहून, चालत जाऊन तिला दिली. अंतर, अकरा फूट.

दुसऱ्या रविवारी एकदाचे जोडले गेलो. मी 'चहा' टाइप केलं. स्वयंपाकघरात उमटलं! आई मालिका सोडून बघायला आली. कन्येने तिकडून टाइप केलं, 'साखर किती?' माझ्या पडद्यावर काहीच नाही. मी थांबलो. कंटाळून 'चहा???' लिहून एंटर दाबलं, आणि तत्क्षणी 'साखर किती?' अवतरलं. तिने लिहिलं, 'सांग ना.' पुन्हा शांतता. मी 'एक चमचा' म्हटल्यावर 'सांग ना' आलं. थोडक्यात, माझं बोलून झाल्याशिवाय समोरच्याचं मला पोचतच नव्हतं.

ही माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलाय."

दोष 'इनपुट' नावाच्या आज्ञेचा निघाला. ती एकदा का कीबोर्डकडे डोळे लावून बसली की घर जळालं तरी मान वळवत नाही. यालाच 'ब्लॉकिंग' म्हणतात, आणि त्यावरचा उतारा म्हणजे 'असिंक्रोनस'. तो मला समजेना. कन्येने तीन आकृत्या काढल्या, मग नाद सोडून खिडकीतून खाली बोट दाखवलं.

"आपला वॉचमन बघ. बिल्डिंगमध्ये अठ्ठावीस घरं. कोणाचा सिलिंडर यायचाय, कोणाचं पार्सल, कोणाचा प्लंबर. म्हणून अठ्ठावीस माणसं गेटवर उभी राहतात का? नाही. वॉचमन एकटा बसतो. कोणी आलं की त्याच घराचा इंटरकॉम वाजवतो. बाकीचे सत्तावीस आपापली कामं करतात. हा आपला इव्हेंट लूप."

मला पटलं. किंबहुना गलबलून आलं. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीत 'सिलेक्ट' नावाची सोय आली १९८३ साली, कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर कप उचलला त्याच वर्षी. एकाच प्रोग्रामने अनेक वाटांवर एकदम लक्ष ठेवायचं, ते हेच. लॉर्ड्सचा निकाल मला त्याच रात्री कळला होता. सिलेक्टचा आत्ता.

"मग गडबड कुठे झाली?"

"तू आजोबा आणून बसवलेस."

चौथ्या मजल्यावरचे आजोबा रोज अकरा वाजता खाली उतरतात आणि वॉचमनला आपल्या डाव्या गुडघ्याचा साद्यंत वृत्तांत सांगतात. वॉचमन भला माणूस, तो ऐकतो. तेवढ्या वेळात सिलिंडरवाला हाका मारून परत जातो, पार्सल ठाण्याला पोचतं, प्लंबर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये नळ खोलून बसतो. एका गुडघ्यापायी अठ्ठावीस घरं ठप्प. माझा 'इनपुट' हा तो गुडघा होता.

"आजोबांना गप्प करता येत नाही," कन्या म्हणाली. "पण त्यांना वेगळा श्रोता नेमून देता येतो. त्याला थ्रेड म्हणतात." मी इनपुटला वेगळ्या थ्रेडमध्ये बसवलं. वॉचमन मोकळा झाला. खालच्या खऱ्या आजोबांनाही असा श्रोता मिळावा म्हणून मी सोसायटीत विषय काढला. सभेने एकमताने मलाच नेमलं.

सगळीकडे 'असिंक' लिहून मी प्रोग्राम चालवला. तो क्षणात संपला. काही केलं नाही, काही बोलला नाही, जाता जाता फक्त एक ओळ लिहून गेला: 'कोरुटिन मेन वॉज नेव्हर अवेटेड'. म्हणजे, 'मेन'ची कधी कोणी वाटच पाहिली नाही. इतकी करुण ओळ मी कुठल्या संगणकाकडून ऐकली नव्हती. रात्रभर ती डोक्यातून जाईना.

सोमवारीही गेली नाही. माझा रोजचा रस्ता म्हणजे मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो आणि चकाल्याला उतरायचं. त्या दिवशी 'मेन'च्या विचारात चकाला गेलं, अंधेरी गेलं, डी. एन. नगरही मागे पडलं, आणि वर्सोव्याला सगळे उतरले म्हणून मी उतरलो. २०१४ साली सुरू झालेल्या या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या मार्गावरची बाराही स्टेशनं एका तिकिटात पाहणारा मी आमच्या खात्यातला पहिला.

परतीच्या गाडीत मग आठवलं की इथून जुहू फार लांब नाही. तिथे एनसीएसटी नावाची सरकारी संस्था होती. ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. १९८६-८७ च्या सुमाराला जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या फोनवरून ईमेलची देवघेव सुरू झाली. एकाने फोन लावायचा, साठलेली पत्रं एकदम द्यायची, तिकडची घ्यायची आणि फोन ठेवून द्यायचा. उत्तरासाठी कोणी रिसीव्हर कानाला लावून बसायचं नाही. सवडीने लिहा, पुढच्या फोनला जाईल. १९८९ मध्ये जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला लाइन गेली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या लिपीच्या हिशेबाने सेकंदाला फार तर चारशे देवनागरी चिन्हं. तेवढ्यावर देशातल्या शिक्षणसंस्था जगाशी बोलत होत्या. या कामाचे म्होरके डॉ. श्रीनिवासन रमणी २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेले. आणि मी, त्याच उपनगरांच्या पोटात, हजारोपट वेगाची लाइन घरात असताना, चहा मागू शकत नव्हतो.

ऑफिसमध्ये संगणक विभागात एक पोरगा आहे. त्याला एकट्यात गाठलं. तो हसला. "सर, अवेट लावलंत का?"

"ते काय असतं?"

"नुसतं फंक्शनचं नाव घेतलं की ते चालत नाही. 'मेन'ला 'रन' सांगावं लागतं, आणि आत 'याच्यासाठी थांबायचंय' असं."

घरी येऊन मी दिसेल तिथे 'अवेट' लावलं, गणपतीत दिसेल तिथे तोरण लावतात तसं. प्रोग्राम चालला. पण आधी मी लिहायचं, मग त्याने पाठवायचं, मग उत्तर यायचं, मग मी लिहायचं. म्हणजे गाडी फिरून पुन्हा मुलुंडलाच. हे का होतंय ते मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. सांगितलं गिरणीने.

तिसऱ्या शनिवारी हिने माझ्या हातात तीन गोष्टी दिल्या: गव्हाचा डबा, इस्त्रीचं गाठोडं आणि भाजीची पिशवी. "एवढं उरकून या." मी गिरणीत गेलो. पुढे सहा डबे होते. नंबर लावला आणि उभा राहिलो. चाळीस मिनिटांत भुवया पांढऱ्या झाल्या. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, आधी कुणाची तरी ज्वारी निघतेय, तिच्यामागून आपला गहू जातोय, हे सगळं मी जातीने पाहिलं. माझ्या पाहण्याने गिरणीचा वेग वाढला असावा असं मला तेव्हा वाटलंही. पिठाचा गरम डबा घेऊन इस्त्रीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "तासाभराने या." मी म्हटलं, "थांबतो ना." त्याने एक स्टूल दिलं, आणि अर्ध्या तासाने, दया येऊन, त्याच्या चहातला अर्धा कप. भाजीवालीकडे पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि मेथीने माना टाकल्या होत्या.

दोन वाजता घरी. ही दारातच होती.

"तुम्ही गिरणीत उभे राहिलात?"

"मग? डबा टाकून कसा जाणार?"

"अहो, डब्यावर ब्लॉक नंबर रंगवलाय तो कशाला? डबा ठेवायचा, कपडे टाकायचे, भाजी घ्यायची. येताना पीठ उचलायचं, कपडे संध्याकाळी. मला पंचवीस मिनिटं लागतात."

"पण गहू तर तेवढ्याच वेळात दळला जातो!"

"दळू दे की. त्याच्याकडे बघत कशाला राहायचं?"

आतून कन्या किंचाळली, "बाबा, हेच! तू प्रत्येक डब्यापाशी अवेट करतोयस! आधी सगळी कामं सोडून द्यायची, मग गोळा करायची. क्रिएट टास्क!"

मी पिठाच्या भुवयांसकट लॅपटॉपपाशी बसलो. ऐकणं हे एक काम, लिहिणं हे दुसरं. दोन्ही डबे एकदम टाकले. चाललं! पायथनमध्ये 'असिंक' आणि 'अवेट' हे शब्द २०१५ साली, ३.५ या आवृत्तीत आले. आमच्या गिरणीला चाळीस वर्षं झाली, आणि तिथे कुठल्याही बाईला मी डब्याशेजारी उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. उभे असतात ते आम्ही. आमच्यात गप्पाही होतात. विषय बहुतेक वेळा 'वेळ कसा मिळत नाही' हा असतो.

आता फक्त सफाईचं काम उरलं होतं, म्हणजे खऱ्या कटकटीला सुरुवात झाली. मी 'चहा' पाठवला. गेला. तिकडे उमटेना. सर्व्हर एंटरची वाट पाहत होता. ओळ पूर्ण झाल्याशिवाय तो ती वाचलेली धरत नाही. मी तर एंटर दाबला होता! पण 'इनपुट' ही आज्ञा ओळ हातात देताना शेवटचा एंटर स्वतः गिळून टाकते. भाजीवाली सुटे पैसे ठेवून घेते, तसं. सर्व्हर ओळ संपण्याची वाट बघतोय, मी उत्तराची वाट बघतोय. लिफ्टच्या दारात दोन सभ्य माणसं "आधी तुम्ही" करत उभी राहावीत आणि लिफ्ट निघून जावी, अशी दहा मिनिटं गेली. मग मी हाताने एक एंटर चिकटवला. देवनागरीतलं एकेक चिन्ह संगणकाला तीन बाइटांचं पडतं. च, ह आणि काना मिळून चहा नऊ बाइटांचा. दहावा बाइट एंटरचा. दहाव्याशिवाय पहिल्या नवांना किंमत नाही, हे मी वहीत लिहून ठेवलं. खाली रेघही मारली.

हे तीन बाइटांचं प्रकरण पुढे चांगलंच अंगाशी आलं. जोरदार चाचणी घ्यावी म्हणून मी सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त घेतलं. मराठीत, अकरा पानी, त्यातली सात पानं पार्किंगवर. ते मी हजार वेळा पाठवायचा आदेश दिला. सर्व्हरने 'एका वेळी १,०२४ बाइट' असे घास घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच घासाला तो ठसकला. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं सोडली तर हिशेब साधा होता. तीन-तीनच्या ३४१ चिन्हांना १,०२३ बाइट लागतात. वर उरतो एक. तो पुढच्या चिन्हाचा तिसरा हिस्सा. 'चेअरमन'मधल्या 'च'चा एक तृतीयांश तुकडा तोंडात धरून सर्व्हर विचारत होता की हे काय आहे. आमच्या सभेतही चेअरमन सहसा एवढ्यावरच अडवले जातात. इंग्रजीत चाचणी घेतली असती तर हे कळलंच नसतं, कारण त्यांचं प्रत्येक अक्षर एका बाइटात उरकतं. आपलं नुसतं 'श्री' म्हटलं की बारा बाइट, अजून गणेशा व्हायचाच आहे.

अक्षरं सांधली, तर पूर आला. पायथन पाठवायचा मजकूर आधी एका हौदात साठवतं. तो सावकाश वाहून जातो. हौदाला भरतीची एक खूण असते, साधारण ६४ किलोबाइटची. खुणेवर पाणी गेलं की थोडं थांबून निचरा होऊ द्यायचा. त्या आज्ञेचं नावच 'ड्रेन'. ती मी लिहिली नव्हती. ज्याने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटर पावसात अंधेरी ते मुलुंड निम्मी वाट छातीभर पाण्यातून कापली, भरती आणि पाऊस एकदम आले की गटारं कशी उलटी वाहतात ते ज्याने डोळ्यांनी पाहिलं, तो माणूस ड्रेन विसरला! फ्रिजवरचा लॅपटॉप पंख्यासारखा गुरगुरला, तापला आणि बंद पडला. पोळ्या मात्र गरम राहिल्या.

चौथ्या रविवारी, सकाळी सव्वाआठला, एकसष्ट ओळींचा माझा क्लायंट तयार झाला. स्वयंपाकघरात आता लॅपटॉपवर दुसरा क्लायंट उघडून ठेवला होता. काळ्या पडद्यावर वेलांट्या आपापल्या अक्षरांपासून सुटून दादरच्या गर्दीत चुकलेल्या पोरांसारख्या भलतीकडे उभ्या होत्या, पण वाचता येत होतं. हिला मी शिकवलं: इथे माझा निरोप दिसेल, इथे तू उत्तर लिही. ही म्हणाली, "बरं." पोळ्या लाटताना जसं म्हणतात, तसं.

मी खुर्चीत बसलो. मनगटं सैल केली. 'चहा' लिहिलं, नऊ बाइट. एंटर, दहा. आतून 'टिंग' ऐकू आलं. पोचलं! चार शनिवार-रविवार, एक चुकलेलं स्टेशन, एक श्रोतापद, पण पोचलं.

मग मी वाट पाहिली. अगदी शास्त्रशुद्ध, असिंक्रोनस. म्हणजे वाट पाहता पाहता पेपरही वाचायचा, असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात पेपर मांडीवर होता आणि डोळे पडद्यावर. पाच मिनिटं. दहा. कर्सर लुकलुकत होता. आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, दाराची बेल वाजली, दूधवाल्याचा हिशेब झाला, फोनवर मेहुणीच्या मुलाचं लग्न अर्ध्यापर्यंत ठरलं. वीस मिनिटं झाली. कनेक्शन तुटलं म्हणावं तर तक्रार नाही. मी एकसष्ट ओळी पुन्हा तपासल्या. वॉचमन जागेवर होता. आजोबांना श्रोता होता. ड्रेन साफ होतं.

शेवटी उठलो आणि अकरा फूट चालत गेलो.

पडद्यावर, माझ्या 'चहा'च्या खाली, हिने टाइप केलं होतं: 'ठेवलाय'. सहा चिन्हं, अठरा बाइट. पुढे कर्सर लुकलुकत होता. एकोणिसावा बाइट दाबलेला नव्हता.

लॅपटॉपच्या शेजारी कप होता. वर बशी झाकलेली. बशी उचलली, तर चहावर साय धरली होती.

"अगं, एंटर कोण दाबणार?"

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं," पोळी उलटत ही म्हणाली.

"आणि मी आलो नाही म्हणून हाक तरी मारायचीस!"

"वीस मिनिटं तुमची वाट बघत उभी राहू? ठेवला आणि कामाला लागले."

मी साय बोटाने बाजूला केली आणि चहा तिथेच, ओट्याला टेकून, उभ्याने प्यायलो. मग एंटर दाबला. आतल्या खोलीत, माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर, 'टिंग' वाजलं.